सोन्याच्या गावी, पत्र्याच्या पेटीत

मेलबर्नमधला मराठी माणूस पहिली दहा-बारा वर्षं घर मोठं करण्यात घालवतो. भाड्याच्या युनिटमधून टाउनहाउस, टाउनहाउसमधून चार बेडरूम, दोन गाड्यांचं गॅरेज, शिवाय पाहुण्यांची वेगळी खोली, कारण देशातून कुणी ना कुणी मोठ्या मुक्कामाला येणारच असतं. हे सगळं जमलं, हप्ते निम्मे फिटले, की एके सकाळी त्याला साक्षात्कार होतो की खरं सुख घराबाहेर आहे. मग तो एक लांबोडकी पत्र्याची खोली विकत घेतो, गाडीच्या मागे जोडतो, मोठ्या घराला कुलूप लावतो आणि बायकामुलांसह त्या खोलीत राहायला जातो. ह्याला इथे सुट्टी म्हणतात.

माझ्या मेहुण्याला हा साक्षात्कार हिवाळ्यात झाला. "आई, एक गोड बातमी आहे," असं त्याने ज्या सुरात सांगितलं त्यावरून सासूबाईंना वाटलं सुनेला पुन्हा दिवस गेले. त्या नुकत्याच विट्याहून आल्या होत्या. बातमी कॅरॅव्हॅनची निघाल्यावर त्यांनी तिला बाहेरून एक प्रदक्षिणा घातली, चाकाला हात लावून बघितला आणि म्हणाल्या, "आपल्याकडं ऊसतोडीला येतात त्यांचं असं बिऱ्हाड असतं बैलगाडीवर. पण त्यांना मुकादम उचल तरी देतो. तू उलटे पैसे भरलेस होय रे?"

जागा ठरली कॅसलमेन. मेलबर्नच्या वायव्येला सव्वाशे किलोमीटरच्या आत, दीड तासाचा रस्ता. मेहुण्याच्या मते ते व्हिक्टोरियाच्या सोन्याच्या इतिहासाचं काळीज आहे. त्याच्या बायकोच्या मते ते इतकं जवळ आहे की विसरलेलं सामान घरी जाऊन आणता येतं. माझं मत कुणी विचारलं नाही. मी जावई असलो तरी गाडी त्यांची होती.

कॅरॅव्हॅन पार्कात दुपार कलली की एक सार्वजनिक कार्यक्रम होतो. त्याला जाहिरात नाही, तिकीट नाही. नव्याने आलेलं कुटुंब आपली कॅरॅव्हॅन नेमून दिलेल्या जागेत मागे घेत घालतं आणि आधीपासून मुक्कामाला असलेली मंडळी घडीच्या खुर्च्या काढून बघत बसतात. कॅरॅव्हॅन मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ती उजवीकडे जाते. हे स्टिअरिंगवर बसलेल्या नवऱ्याला ठाऊक असतं. मागे उभं राहून हातवारे करणाऱ्या बायकोलाही ठाऊक असतं. म्हणून दोघंही समजूतदारपणे दिशा उलटी करून घेतात, उलट्याचं सुलटं होतं आणि गाडी पुन्हा पाण्याच्या नळावर जाते. इथली गोरी जोडपी हा प्रकार दात आवळून, 'डार्लिंग' म्हणत म्हणत उरकतात. आमच्याकडे तो मराठीत झाला. प्रेक्षकांना शब्द कळले नाहीत, आशय पूर्ण पोचला. शेवटी शेजारचे एक सत्तरीचे गृहस्थ हातातला चहाचा मग खाली न ठेवताच आले आणि एका झटक्यात गाडी जागेवर लावून गेले. टाळ्या पडल्या.

कॅरॅव्हॅनच्या आत प्रत्येक वस्तू दुसरी काहीतरी असते. टेबल खाली दाबलं की पलंग होतो, पलंग उचलला की कपाट निघतं, कपाट उघडलं की दार बंद होतं. एकाने कूस बदलायची तर बाकीच्यांना आधी सूचना द्यावी लागते. सासूबाईंनी पहिल्या संध्याकाळी मुगाच्या आमटीला फोडणी दिली. मोहरी तडतडायच्या आत छताला लावलेला धुराचा भोंगा असा केकाटला की समोरच्या तंबूतली माणसं अनवाणी बाहेर आली. "हिंगाला भिणारं घर मी पहिल्यांदा बघतेय," सासूबाई म्हणाल्या. त्यानंतर चूल बाहेर, कनातीखाली. त्याचा एक फायदा झाला. मगवाले गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी वासाच्या मागावर आले आणि पिठलं-भात खाऊन गेले.

हे दोघं म्हणजे ज्यांना ऑस्ट्रेलियात 'ग्रे नोमॅड' म्हणतात त्या जमातीतले. निवृत्त झाले, घर विकलं, कॅरॅव्हॅन घेतली आणि देशाला वळसा घालत फिरतायत. माझ्या बायकोने हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा सासूबाईंनी चमचा खाली ठेवला.

"घर विकलं? आणि मुलं काही बोलली नाहीत?"

"खूप बोलली," आजोबा म्हणाले. "म्हणून तर फिरतोय."

सासूबाईंनी त्यांना आणखी पिठलं वाढलं.

रात्रीचं वर्णन मी थोडक्यात करतो. सप्टेंबरात कॅसलमेनला दिवसा कोवळं ऊन असतं आणि रात्री दहिवर गोठतं. प्रसाधनगृह पार्काच्या दुसऱ्या टोकाला. वाटेत पाणी भरलेल्या डोळ्यांसारखं काहीतरी चमकतं, तो पॉसम असतो, आणि तो घाबरत नाही. पाहुणे आपण, हे त्याला पक्कं माहीत आहे. कॅरॅव्हॅनच्या आतही शौचालय होतं, पण त्याची टाकी सकाळी स्वतः उचलून नेऊन रिकामी करावी लागते. त्यामुळे त्याकडे सगळ्यांनी देव्हाऱ्यासारखं दुरूनच पाहिलं.

आता, इथल्या हालअपेष्टांना परंपरा आहे एवढं खरं. १८५१ साली हा सगळा मुलूख मेंढरांचा होता. म्हणजे त्याआधी तो हजारो वर्षं जाजा वुरुंग लोकांचा होता, पण त्यांना कुणी विचारलं नाही. डॉक्टर बार्कर नावाच्या मेंढपाळ-मालकाच्या रानात ख्रिस्तोफर पीटर्स हा गडी कामाला होता. जुलै महिन्यात त्याला एका घळीत पिवळे कण सापडले. त्याने ते झोपडीत आणून सोबत्यांना दाखवले. सोबती हसले. हे कसलं सोनं, म्हणाले, आणि ते फेकून देण्यात आलं. पण मनातून सोनं फेकता येत नाही. ऑगस्टात पीटर्स आणि आणखी तिघे गुपचूप त्या घळीत माती धुवायला लागले. मेंढरं वाऱ्यावर. मालकाला कळल्यावर त्याने चौघांनाही हाकलून दिलं.

इथवर गोष्ट कुठल्याही देशात घडली असती. पुढची मात्र फक्त वर्तमानपत्र वाचणाऱ्या समाजात घडू शकते. त्या चौघांपैकी जॉन वर्ली ह्याने मेलबर्नच्या 'आर्गस' दैनिकाला पत्र लिहिलं. उद्या आपल्यावर बालंट यायला नको, म्हणून त्यात सोनं नेमकं कुठे सापडलं त्याचा पत्ता दिला. ८ सप्टेंबर १८५१ ला ते छापून आलं. महिन्याभरात त्या ओढ्यांवर हजारो माणसं होती, आणि वर्षअखेर २५,००० च्या आसपास. मेलबर्नचे पोलीससुद्धा नोकऱ्या सोडून खणायला आले. जगातल्या सगळ्यात श्रीमंत उथळ सोनखाणींपैकी एक ह्या चौघांच्या हातात होती. सोनं गवताखाली, हातभर खोलीवर. आणि त्यांनी ती वाचकांच्या पत्रव्यवहारात देऊन टाकली. आपल्याकडे लोक पेपरात पत्र लिहितात ते चौकातला खड्डा बुजवावा म्हणून. इथे एका पत्राने अख्ख्या जिल्ह्याला खड्डे पाडले.

ते खड्डे अजून आहेत. कॅसलमेनच्या भोवतालच्या रानात चालायला जाणं म्हणजे खड्ड्यांमधून चालणं. मातीची उलथापालथ इतकी की आज जाजा वुरुंग लोक ह्या भागाला उलटा केलेला मुलूख म्हणतात: जी माती खाली असायची ती वर आली आणि वरची कुठे वाहून गेली पत्ता नाही. २००२ मध्ये सरकारने साडेसात हजार हेक्टरचं हे रान 'नॅशनल हेरिटेज पार्क' म्हणून जाहीर केलं. ऑस्ट्रेलियातलं त्या जातीचं पहिलंच. राष्ट्रीय उद्यानं सहसा निसर्ग शाबूत राहिला म्हणून होतात. हे, माणसाने निसर्गाची जी वाट लावली ती शाबूत राहावी म्हणून झालं. मला हा प्रामाणिकपणा आवडला.

झाडंसुद्धा मूळची नाहीत. खाणींच्या आधारांना आणि चुलींना सगळी तोडली, आता उभी आहेत ती बुंध्यांवरून फुटलेली. एका मुळावर तीन-तीन, चार-चार खोडं. आयर्नबार्कची साल कोळशासारखी काळी आणि भेगाळलेली, आणि मधूनच वॉटल फुललेली. ही बाभळीच्या कुळातली, सप्टेंबरात नखशिखांत पिवळी. सोनं काढून झाल्यावर त्या मुलुखाने पिवळेपणाची एवढीच हौस शिल्लक ठेवलीय.

पहिल्या पायपिटीला आम्ही शेजारच्या च्यूटन गावाजवळचं गारफील्ड चक्र बघायला गेलो. १८८७ सालचं पाणचक्र, ७२ फूट व्यासाचं, म्हणजे सहा-सात मजल्यांएवढं उंच. कालव्याचं पाणी वरून पडायचं, चाक फिरायचं, आणि त्यावर दगड कुटणाऱ्या मुसळांची रांग चालायची. मेहुण्याने हे सगळं रस्त्यात इतक्या आवेशाने सांगितलं की सासूबाई गुडघे विसरून चालल्या. पोचलो तर दोन भक्कम दगडी बांधकामं, मध्ये मोकळी हवा.

"चाक कुठाय?"

"चाक आता नाही, आई. चाक ह्यावर होतं."

सासूबाईंनी त्या मोकळ्या हवेकडे खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं. "बरंच मोठं होतं," त्या म्हणाल्या. आपल्याकडच्या गडांवर जोती बघून राजवाडा उभा करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना ह्यात काही जड नाही. माझ्या गोऱ्या सहकाऱ्यांना मात्र इथे काय बघायचं ते कळत नाही, आणि ते चहाचं दुकान शोधतात.

इथल्या चालण्याच्या वाटांवर पाट्या फार सभ्य असतात. 'वाट सोडू नका' एवढंच लिहिलेलं असतं. का, ते दोन पावलं वाट सोडली की कळतं: सरळ खाली गेलेली, तोंडाशी गवत वाढलेली, जुनी विवरं. नावं तेवढी निर्भीड आहेत. एका घळीचं नाव चक्क 'पॉव्हर्टी गली'. दरिद्री घळ! तिथून पाण्याचा जुना पाट जातो आणि त्याच्या काठाने फार सुरेख सपाट वाट आहे. ज्यांना बुशवॉक करून आल्याचं सांगायचं आहे पण चढायचं नाही, अशा आमच्यासारख्यांसाठी ही दरिद्री घळच सगळ्यात श्रीमंत.

तिथेच मॅगपाय भेटला. सप्टेंबर हा त्यांचा विणीचा हंगाम, आणि नर मागून येऊन डोक्यावर झडप घालतो. इथले सायकलवाले हेल्मेटला प्लॅस्टिकच्या काड्या बांधून साळिंदर होऊन फिरतात. मेहुण्याने माहितीपत्रक वाचून दाखवलं: पळू नका, हात हलवू नका, पक्ष्याच्या नजरेला नजर द्या. तो नजर देत असतानाच पक्षी दुसऱ्या बाजूने आला. सासूबाईंनी काही न बोलता पिशवीतून छत्री काढली आणि उघडली. मॅगपाय फांदीवर जाऊन बसला, आणि आम्ही सगळे जण एका छत्रीखाली पुढे निघालो. विट्यात पाऊस कमी, पण छत्री घेतल्याशिवाय त्या बाहेर पडत नाहीत.

गावाबाहेर पेनीवेट फ्लॅट नावाची एक टेकडी आहे. पेनीवेट म्हणजे जेमतेम दीड ग्रॅम सोनं. मंगळसूत्राची वाटीसुद्धा व्हायची नाही. ह्या माळावर तेवढंच निघायचं, म्हणून कुणी तो खणत नव्हतं. म्हणून तिथे स्मशान केलं. १८५२ पासून पाचेक वर्षांत दोनशेच्या आसपास लोक पुरले, बहुतेक सगळी लहान मुलं. गढूळ पाणी, तंबू, हगवण, ताप. दगडांच्या ओबडधोबड चौकटी आहेत, बऱ्याच बिननावाच्या. सासूबाईंनी इथे काही विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

च्यूटनचं दुसरं स्थळ म्हणजे 'मॉन्स्टर मीटिंग'चं कुरण. सोनं मिळो न मिळो, खणण्याचा परवाना महिन्याला तीस शिलिंग. गव्हर्नर ला ट्रोब ह्यांनी तो दुप्पट, म्हणजे तीन पौंड करायचं ठरवलं. १५ डिसेंबर १८५१ ला सुमारे १५,००० खणकरी इथे जमले, तेही नेमके त्याच डॉक्टर बार्करच्या मेंढपाळाच्या जुन्या झोपडीपाशी! डॉक्टरांची मेंढरं सांभाळायला कुणी उरलं नव्हतं, पण सभेला जागा झाली. सरकारने वाढ मागे घेतली. परवाना मात्र राहिला, आणि तो तपासणारे पोलीसही. ते येताना दिसले की तंबूंमधून "जो! जो!" अशी आरोळी उठायची, कारण गव्हर्नरसाहेबांचं नाव चार्ल्स जोसेफ. मोठ्या माणसाला नावाने हाक मारून पळत सुटण्याची ही मजा कुठल्याही वाड्यातल्या पोरांना समजेल. पुढे १८५४ च्या अखेरीस बॅलारॅटला खणकऱ्यांच्या बंडात युरेकाचा रक्तपात झाला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी महिन्याचा परवाना जाऊन वर्षाला एक पौंडाचा 'मायनर्स राइट' आला, आणि त्यासोबत मतदानाचा हक्क.

चिनी खणकऱ्यांच्या वाट्याला वेगळाच हिशोब होता. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाच्या बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांची पट्टी बसली. मग ते शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात रोब बंदरावर उतरले आणि शेकडो किलोमीटर पायी आले. आम्ही दरिद्री घळीत तासभर चाललो आणि संध्याकाळी पायाला तेल लावून घेतलं.

बुशवॉकला निघण्यापूर्वी गावातल्या टेकडीवरचं रॉबर्ट ओ'हारा बर्कचं स्मारक जरूर बघावं. हे गृहस्थ कॅसलमेनचे पोलीस सुपरिंटेंडेंट. १८६० साली त्यांना ऑस्ट्रेलिया दक्षिणोत्तर ओलांडायच्या मोहिमेचं नेतृत्व मिळालं. रानाचा अनुभव शून्य. हिंदुस्थानातून खास उंट मागवले, टनावारी सामान घेतलं, मिरवणुकीने निघाले, आणि परतीच्या वाटेवर १८६१ मध्ये कूपर क्रीकवर उपासमारीने गेले. आमच्या मेहुण्याने त्या स्तंभाखाली उभं राहून मोबाइलमधला नकाशा पुन्हा एकदा डाउनलोड केला.

शेवटचा दिवस सोन्याचा. आज व्हिक्टोरियात 'मायनर्स राइट' कुणालाही मिळतो, दहा वर्षं चालतो, आणि ठरावीक भागात हाताने सोनं शोधता येतं. मेहुण्याने भाड्याने डिटेक्टर आणला. तो दर दहा पावलांना वाजायचा आणि आम्ही दर दहा पावलांना खणायचो. सापडलेला ऐवज: खिळे, बंदुकीचे छर्रे, बिअरच्या डब्यांच्या कड्या. शेजारचे आजोबा म्हणाले, छान सुरुवात आहे.

ओढ्यावर पाटी घेऊन माती धुवायचा प्रयोग मी केला. सोनं पाण्याच्या एकोणीस पटींहून जड, गारगोटी तिप्पटसुद्धा नाही. म्हणून पाटी गोल फिरवत पाणी सांडत राहिलं की वाळू जाते, सोनं बुडाशी राहतं. तत्त्व सोपं. माझ्या पाटीतून दोन्ही जात होतं. सासूबाई काठावरून बघत होत्या. विटा-खानापूर म्हणजे गलाईवाल्यांचा मुलूख. तिथली माणसं देशभराच्या शहरांत सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहेत, आणि सासूबाईंचे दोन मामा त्यातलेच.

"जावईबापू, इकडं द्या ती. हे झारेकऱ्याचं काम आहे, घाईचं नाही." सराफकट्ट्यावरचा केर धुऊन त्यातलं सोनं काढणारे झारेकरी त्यांनी लहानपणी पाहिले होते. त्यांनी खडकावर पदर खोचून बैठक मारली, मनगट हललं न हललं असं फिरवलं, आणि अर्ध्या तासाने काळ्या वाळूच्या कडेला एक कण दिसला. मोहरीच्या पावपट. मेहुणा ओरडला, मुलं ओरडली, पलीकडच्या काठावरचे दोघे अनोळखी इसम कुदळी टाकून बघायला आले. सासूबाईंनी कण बोटाच्या टोकावर घेतला, उन्हात धरला.

"चोख आहे. पण घडणावळसुद्धा सुटायची नाही."

आणि त्यांनी तो नातीच्या तळहातावर ठेवला. तिच्याकडून तो कॅरॅव्हॅनमध्ये चढताना पडला. टेबलाचा पलंग केला, पलंगाचं कपाट केलं, सगळं धुंडाळलं, नाही मिळाला. तेव्हा मेहुण्याची गाडी आता कायद्याने सोनखाण आहे, आणि ती विकायची वेळ आल्यावर तो ही गोष्ट किमतीत धरणार आहे.

तुम्हाला जायचं असेल तर सप्टेंबरात जा, वॉटल तेव्हा भरात असते. मेलबर्नहून आगगाडीही थेट कॅसलमेनला जाते, तासा-दीड तासाची. छत्री न्या. वाट सोडू नका. सोनं सापडलंच तर पेपरात पत्र लिहू नका. आणि राहायला पार्कातलीच केबिन घ्या: तिला भिंती असतात, आत शौचालय असतं, आणि ती मागे घ्यावी लागत नाही.